वधस्तंभापासून वेदनामापनापर्यंत : 'एक्सक्रूशिएटिंग' या इंग्रजी विशेषणाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

शब्द हे इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन आहे. ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी आणि दप्तरे यांचा साधन म्हणून जेवढा विचार झाला, तेवढा बोलीतील शब्दांचा झालेला नाही. ज्यांच्याकडे लेखणी नव्हती, ज्यांना स्वतःचे थडगेही लाभले नाही, अशा समाजघटकांच्या बाबतीत तर अनेकदा शब्द हीच एकमेव खूण मागे उरते. इंग्रजीतील 'एक्सक्रूशिएटिंग' हे विशेषण या प्रकारचे आहे. असह्य, प्राणांतिक, पराकोटीची वेदना देणारे असा त्याचा आजचा अर्थ. महाविद्यालयीन वर्गांत हा शब्द 'अनबेअरेबल' या शब्दाचा जोरकस पर्याय म्हणून शिकविला जातो आणि विषय तेथेच संपतो. वस्तुतः या शब्दाच्या पोटात रोमन साम्राज्यातील एक दंडप्रकार, त्या दंडाला पात्र ठरविलेला समाजवर्ग आणि त्या वर्गाविषयी सत्ताधाऱ्यांची दृष्टी असा मोठा इतिहास दडलेला आहे.

या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी एक लोकप्रिय समजूतही प्रचलित आहे. येशू ख्रिस्ताने वधस्तंभावर भोगलेल्या वेदनेला तत्कालीन भाषेत शब्द नव्हता, म्हणून 'क्रूसातून निघालेली' या अर्थाचा हा नवा शब्द घडविण्यात आला, असे अनेकदा सांगितले जाते. ही समजूत कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत निबंधात करण्यात आला आहे. तसेच दंडातून आलेले शब्द पुढे आपली धार कशी गमावतात, हे इंग्रजी व मराठी या दोन्ही भाषांच्या आधारे तपासले आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

१) 'एक्सक्रूशिएटिंग' या विशेषणाचा लॅटिनपासून आधुनिक इंग्रजीपर्यंतचा प्रवास मांडणे. २) या शब्दामागील रोमन दंडप्रथेचे सामाजिक स्वरूप स्पष्ट करणे. ३) समानार्थी इंग्रजी विशेषणांशी त्याचा अर्थभेद दाखविणे. ४) मराठीतील समांतर शब्दांशी त्याची तुलना करणे. यासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून लॅटिन व ग्रीक वाङ्मयातील उल्लेख, पुरातत्त्वीय पुरावे आणि आधुनिक वेदनाविज्ञान यांचा आधार घेतला आहे.

१. शब्दाची घडण

लॅटिनमध्ये 'क्रक्स' म्हणजे वधासाठी उभारलेला खांब किंवा क्रूस. त्यापासून 'क्रुकिआरे' हे क्रियापद झाले. त्याचा अर्थ यातना देणे, छळणे. त्याला 'एक्स' हा उपसर्ग लागून 'एक्सक्रुकिआरे' हे अधिक तीव्र क्रियापद तयार झाले. 'एक्स' या उपसर्गाचा मूळ अर्थ 'बाहेर' असा असला, तरी येथे तो 'पूर्णपणे', 'अखेरपर्यंत' या अर्थाने आलेला आहे. त्यामुळे 'क्रूसातून निघालेली' हा अर्थ व्याकरणदृष्ट्या ओढूनताणून लावलेला ठरतो. 'पुरेपूर यातना देणे' हाच त्याचा सरळ अर्थ होय.

लोकप्रिय समजुतीला याहून मोठा अडथळा कालक्रमाचा आहे. इ.स.पूर्व १८४ च्या सुमारास निवर्तलेल्या प्लॉटस या नाटककाराच्या प्रहसनांत हे क्रियापद आढळते. इ.स.पूर्व पहिल्या शतकातील कॅटुलस या कवीने एकाच वेळी प्रेम आणि द्वेष अनुभवणाऱ्या मनाविषयी दोन ओळींची एक प्रसिद्ध कविता लिहिली. तिचा शेवटचा शब्द याच क्रियापदाचे रूप आहे. म्हणजे ख्रिस्तजन्मापूर्वीच हा शब्द रूढ होता आणि प्रेमभंगाच्या दुःखासाठीही वापरला जात होता.

सिसेरोने व्हेरेस या भ्रष्ट प्रांताधिकाऱ्याविरुद्ध इ.स.पूर्व ७० मध्ये सिद्ध केलेल्या भाषणांतील एक उल्लेख या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. सिक्यॉन या ग्रीक नगराच्या एका अधिकाऱ्याने पैसे देण्यास नकार दिला, तेव्हा व्हेरेसने त्याला अरुंद जागेत कोंडून ओल्या लाकडांचा धूर केला आणि अर्धमेला करून सोडले, असे सिसेरो सांगतो. या धुराच्या छळासाठी त्याने 'एक्सक्रुकिआरे' याच क्रियापदाचे रूप योजले आहे. तेथे क्रूस नाही, खिळे नाहीत. तात्पर्य, इ.स.पूर्व पहिल्या शतकातच हा शब्द विशिष्ट दंडापासून सुटून सर्वसाधारण यातनेचा वाचक झाला होता.

येथे एक सावधगिरी आवश्यक ठरते. शब्दाचे मूळ म्हणजेच शब्दाचा 'खरा' अर्थ, असे मानणे हा व्युत्पत्तिशास्त्रातील नेहमीचा दोष आहे. कॅटुलसच्या वाचकाला तो शब्द वाचताना प्रत्येक वेळी खांब दिसत असेल, असे म्हणता येणार नाही. परंतु त्या वाचकाच्या नगराबाहेर तो खांब प्रत्यक्ष उभा होता, हेही विसरता येत नाही. रूपक आणि वस्तू एकाच काळात, एकाच रस्त्यावर नांदत होत्या. इंग्रजीत मात्र वस्तू नष्ट झाल्यानंतर हजार वर्षांहून अधिक काळाने केवळ शब्द पोहोचला.

२. दंडामागील समाज

वधस्तंभाची शिक्षा रोमन लोकांचा शोध नव्हे. इराणी सम्राट दरायस याने बॅबिलोनच्या बंडानंतर सुमारे ३००० प्रमुखांना अशा प्रकारे मारल्याचे हिरोडोटस सांगतो. कार्थेजमध्येही ही शिक्षा प्रचलित होती. येथे प्राचीन शब्दांची एक अडचण लक्षात घेतली पाहिजे. ग्रीक 'स्टाउरोस' या शब्दाचा मूळ अर्थ केवळ उभा खांब असा आहे. त्यामुळे एखाद्या ग्रीक उल्लेखात माणसाला सुळावर चढविले, खांबाला टांगले की आडव्या तुळईवर खिळले, हे नेहमीच निश्चित करता येत नाही. स्वीडिश अभ्यासक गुनार सॅम्युएल्सन यांनी २०१० मध्ये पूर्ण केलेल्या प्रबंधात या अनिश्चिततेकडे सविस्तर लक्ष वेधले. मराठी बायबलात रूढ झालेला 'वधस्तंभ' हा शब्द या दृष्टीने ग्रीक मूळ शब्दाला अर्थाने बराच जवळचा आहे. मराठीत त्याच्या जोडीने रूढ झालेला 'क्रूस' हा शब्द मात्र पोर्तुगिजांमार्फत आला आणि लॅटिन 'क्रक्स'चाच वंशज आहे.

रोमने या शिक्षेला व्यवस्थेचे रूप दिले. रोमन लेखक तिला 'गुलामांची शिक्षा' म्हणत. इ.स.पूर्व २१७ मध्ये कटाच्या आरोपावरून २५ गुलामांना क्रूसावर चढविल्याची नोंद लिव्हीने केली आहे. प्लॉटसच्या प्रहसनांतील गुलाम पात्रे क्रूसाचा उल्लेख वारंवार आणि विनोदाने करतात. 'क्रूसावर जा' ही तेथील नित्याची शिवी आहे. आपले पूर्वज जेथे गेले तेथेच आपणही जाणार, अशा आशयाचे उद्गार एका गुलामाच्या तोंडी येतात. प्रेक्षक त्यावर हसत होते. ज्या समाजात एका वर्गाचा संभाव्य मृत्यू हा दुसऱ्या वर्गाच्या करमणुकीचा विषय होता, त्या समाजात या शब्दाचा जन्म झाला, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

इ.स.पूर्व ७३ ते ७१ या काळात स्पार्टाकसच्या नेतृत्वाखाली गुलामांचा उठाव झाला. तो मोडून काढल्यावर क्रॅससने जिवंत पकडलेल्या सुमारे ६००० बंडखोरांना कापुआ ते रोम या मार्गावर क्रूसावर चढविले, असे ॲपियन सांगतो. हे अंतर सुमारे २०० किलोमीटर आहे. सरासरी काढली तर दर ३३ मीटरला एक माणूस येतो. ॲपियनची संख्या तंतोतंत मानण्याचे कारण नाही. परंतु शिक्षेचा हेतू त्यातून स्पष्ट होतो. हा दंड मरणाऱ्यासाठी जेवढा होता, त्याहून अधिक रस्त्याने जाणाऱ्यासाठी होता.

प्रांतांमध्ये हाच दंड बंडखोरांसाठी वापरला गेला. इ.स.पूर्व ४ मध्ये व्हारसने यहुदियात सुमारे २००० जणांना क्रूसावर चढविले. इ.स. ७० मधील जेरुसलेमच्या वेढ्यात नगरातून अन्नासाठी बाहेर पडणाऱ्यांना सैनिक पकडत आणि कधी कधी दिवसाला ५०० जणांना खिळत, असे जोसिफसने लिहिले आहे. याच जोसिफसने आत्मचरित्रात आणखी एक घटना नोंदविली आहे. क्रूसांवर त्याला तीन परिचित माणसे दिसली. त्याने टायटसला विनंती करून त्यांना खाली उतरविले आणि त्यांच्यावर उपचार झाले. दोघे मरण पावले, एक वाचला. साम्राज्याच्या आकड्यांमध्ये हरवलेल्या माणसांपैकी हे तिघे क्षणभर वेगळे दिसतात, तेही त्यांना ओळखणारा एक लेखक तेथून जात होता म्हणून.

ही शिक्षा किती नित्याची होती, याचा पुरावा इटलीतील पुतेओली, म्हणजे आजच्या पोझ्झुओली, येथील एका शिलालेखात मिळतो. ऑगस्टसच्या काळाच्या आसपासचा हा लेख नगरातील अंत्यविधी व शिक्षा यांच्या मक्त्यासंबंधी आहे. एखाद्या मालकाला स्वखर्चाने गुलाम स्त्री वा पुरुषाला शिक्षा द्यावयाची असल्यास मक्तेदाराने खांब, साखळ्या, दोर आणि फटके मारणारी माणसे पुरवावीत. तुळई वाहणाऱ्या, फटके मारणाऱ्या व वध करणाऱ्या माणसांसाठी मालकाने प्रत्येकी चार सेस्टर्स द्यावेत, असे त्यात नमूद आहे. न्यायाधिकाऱ्याने शिक्षा फर्माविली असेल, तर क्रूस, खिळे, डांबर, मेण इत्यादी साहित्य मक्तेदाराने विनामूल्य द्यावयाचे होते. या लेखात क्रोध नाही, द्वेष नाही. केवळ दरपत्रक आहे. यातनेचा इतिहास लिहिताना सेनापतींच्या क्रौर्यापेक्षा हे दरपत्रक अधिक विचार करावयास लावते.

३. शब्दाचीही अस्पृश्यता

रोमन नागरिकाला ही शिक्षा सामान्यतः देता येत नसे. व्हेरेसवरील आरोपांत सर्वांत गंभीर आरोप तोच आहे. गाव्हियस नावाच्या रोमन नागरिकाला त्याने मेसाना येथे क्रूसावर चढविले, आणि मरताना त्याला सामुद्रधुनीपलीकडची इटलीची भूमी दिसावी अशी जागा मुद्दाम निवडली, असे सिसेरो सांगतो. हा भाग न्यायालयात प्रत्यक्ष बोलला गेला नव्हता. व्हेरेस आधीच निघून गेल्याने सिसेरोने तो लिखित स्वरूपात प्रसिद्ध केला. त्यामुळे त्यातील वक्तृत्वाचा भाग वजा करूनच तो वाचला पाहिजे.

इ.स.पूर्व ६३ मध्ये राबिरियसच्या बचावाचे भाषण करताना सिसेरोने याही पुढचे पाऊल टाकले. क्रूस हा रोमन नागरिकाच्या शरीरापासूनच नव्हे, तर त्याच्या विचारांपासून, डोळ्यांपासून व कानांपासूनही दूर असला पाहिजे, असे त्याचे प्रतिपादन होते. म्हणजे 'क्रूस' हा शब्दसुद्धा नागरिकाच्या कानी पडू नये. सिसेरोची ही भूमिका मानवतावादी वाटते. परंतु ती मानवमात्रासाठी नव्हती. गुलामाच्या क्रूसाला त्याचा आक्षेप नव्हता. शिक्षा वाईट आहे असे त्याचे म्हणणे नसून ती 'आपल्या' माणसासाठी नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते. जन्मावरून शिक्षेचे प्रकार ठरविणारी व्यवस्था भारतीय वाचकाला अपरिचित नाही. स्मृतिग्रंथांतील वर्णानुसार भिन्न दंडांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

४. हाडांची साक्ष

हजारो माणसे या शिक्षेने मारली गेली, तरी तिचे प्रत्यक्ष अवशेष अत्यल्प आहेत. १९६८ मध्ये जेरुसलेमच्या ईशान्येस गिव्हात हा-मिव्हतार येथे वासिलिओस त्झाफेरिस यांना एका अस्थिपात्रात टाचेचे हाड सापडले. त्यातून लोखंडी खिळा आरपार गेला होता. खिळ्याचे टोक वाकल्यामुळे तो काढता आला नसावा आणि म्हणूनच पुरावा टिकला. अस्थिपात्रावर येहोहानान असे नाव आहे. प्रारंभीच्या अहवालात दोन्ही टाचांमधून एकच खिळा गेल्याचे म्हटले होते. १९८५ मध्ये जो झियास व एलिएझर सेकेलेस यांनी हाडांची फेरतपासणी केली, तेव्हा ११.५ सेंटिमीटर लांबीचा हा खिळा एकाच टाचेतून गेल्याचे स्पष्ट झाले.

दुसरा महत्त्वाचा पुरावा ज्या भाषेत हे विशेषण आज नांदते, त्या इंग्लंडच्या भूमीतच मिळाला. केंब्रिजशायरमधील फेन्स्टँटन येथे २०१७ मध्ये झालेल्या उत्खननात रोमनकालीन दफनभूमीत एका पुरुषाच्या उजव्या टाचेत खिळा आढळला. हा शोध डिसेंबर २०२१ मध्ये जाहीर झाला. हा पुरुष २५ ते ३५ वर्षे वयाचा होता. त्याच्या पायांच्या हाडांवरील खुणा दीर्घकाळ बेड्या घातल्याच्या असाव्यात, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

पुरावे इतके कमी का, याचे उत्तरही सामाजिक आहे. अनेकांना दोरांनी बांधले जात असे. खिळे काढून पुन्हा वापरले जात. आणि मुख्य म्हणजे गुलामाला दफन क्वचितच लाभत असे. येहोहानानचे नाव माहीत आहे, कारण त्याच्यामागे अस्थी गोळा करणारे कुटुंब होते. कापुआच्या रस्त्यावरील ६००० पैकी एकाचेही हाड ओळखता आलेले नाही. त्यांची खूण उरली आहे ती शब्दात.

चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइनने ही शिक्षा बंद केली, असे ऑरेलियस व्हिक्टर सांगतो. पुढे क्रूस हे उपासनेचे चिन्ह झाले. तत्पूर्वी तो उपहासाचा विषय होता. रोमच्या पॅलाटाइन टेकडीवर सापडलेल्या, सुमारे इ.स. २०० मधील एका भित्तिरेखाटनात गाढवाचे डोके असलेली आकृती क्रूसावर दाखवून एका ख्रिस्ती माणसाची टवाळी केली आहे. ज्या पिढ्यांनी क्रूस प्रत्यक्ष पाहिला होता, त्यांनी तो पूजेसाठी फारसा रंगविला नाही. क्रूसावरील ख्रिस्ताची सर्वपरिचित शिल्पे व चित्रे बहुतांशी शिक्षा बंद पडल्यानंतरची आहेत. वस्तूची दहशत ओसरल्यावरच तिचे चिन्ह होऊ शकले, हा क्रम लक्षणीय आहे.

५. इंग्रजीतील आगमन व अर्थविस्तार

सोळाव्या शतकात इंग्रजीत लॅटिन शब्दांचा मोठा ओघ सुरू झाला. अशा जड शब्दांना 'दौतीतले शब्द' म्हणून हिणविले गेले. टॉमस विल्सन याने १५५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वक्तृत्वविषयक ग्रंथात अशा भाषेची थट्टा केली होती. त्याच शतकाच्या उत्तरार्धात 'एक्सक्रूशिएट' हे क्रियापद इंग्रजीत आले आणि पुढे त्यापासून 'एक्सक्रूशिएटिंग' हे विशेषण रूढ झाले. लॅटिन 'क' चा उच्चार दरम्यान मृदू होऊन इंग्रजीत 'श' झाला. त्यामुळे 'क्रॉस' या शब्दाशी असलेले नाते सामान्य वक्त्याच्या कानाला जाणवेनासे झाले.

'क्रक्स'चा वंश इंग्रजीत मोठा आहे. 'क्रूसेड', 'क्रूझ' आणि 'क्रूशिअल' हे त्यांपैकी काही. 'क्रूशिअल' या शब्दामागे फ्रान्सिस बेकनने १६२० मध्ये योजलेली संज्ञा आहे. त्याने चौरस्त्यावरील मार्गदर्शक खांबाचे रूपक घेतले होते. एकाच खांबापासून एक शब्द यातनेकडे गेला, तर दुसरा निर्णयाकडे.

आजच्या वापरात या विशेषणाचे तीन स्तर दिसतात. पहिला शारीरिक वेदनेचा : मूतखड्याची वा भाजल्याची वेदना. दुसरा मानसिक ताणाचा : जीवघेणी प्रतीक्षा, असह्य संकोच. तिसरा केवळ अतिशयोक्तीचा : कंटाळवाणे भाषण किंवा अनावश्यक तपशील यांनाही हेच विशेषण लागते. हे विशेषण स्वतःच पराकोटी दर्शविते, म्हणून त्यापूर्वी 'व्हेरी' लावणे शिष्टसंमत मानले जात नाही.

समानार्थी शब्दांशी त्याचा भेद अध्यापनाच्या दृष्टीने उपयुक्त आहे. 'ॲगोनायझिंग' हा शब्द ग्रीक 'अगोन', म्हणजे स्पर्धा वा झुंज, यापासून आला. म्हणून ज्या वेदनेत आतला झगडा आहे, तेथे तो शोभतो. उदाहरणार्थ, कठीण निर्णय. 'हॅरोइंग' मागे शेतातील कुळव आहे. कुळवाने ढेकळे फुटावीत तसे मन विदीर्ण करणाऱ्या अनुभवाला किंवा कथनाला तो लागतो. दातदुखीला लागत नाही. 'टॉर्चर' आणि 'टॉर्मेंट' हे 'पिळणे' या अर्थाच्या लॅटिन धातूपासून, तर 'ट्रिब्युलेशन' हा मळणीच्या अवजाराच्या नावापासून आला आहे. खुद्द 'पेन' हा शब्द 'पोएना', म्हणजे दंड, या लॅटिन शब्दाचा वंशज असून 'पीनल कोड'मधील 'पीनल' त्याचा सख्खा भाऊ आहे. इंग्रजीतील वेदनेचा कोश मोठ्या प्रमाणात अवजारांचा आणि दंडाचा कोश आहे, असे यावरून म्हणता येईल.

विसाव्या शतकात या शब्दाला एक अनपेक्षित काम मिळाले. मॉन्ट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये वेदनामापनाची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत वेदनेचे वर्णन करणारे ७८ शब्द २० गटांत मांडले आहेत. त्यांत 'पनिशिंग', 'क्रुएल' आणि 'टॉर्चरिंग' हे शब्द आहेत. वेदनेच्या तत्कालीन तीव्रतेसाठी पाच पायऱ्या आहेत : सौम्य, अस्वस्थ करणारी, त्रासदायक, भयंकर आणि पाचवी 'एक्सक्रूशिएटिंग'. जो शब्द वक्तृत्वात झिजून गेला होता, तो रुग्णालयात पुन्हा नेमका झाला. रुग्णाने तो उच्चारला तर त्यावर औषधाचा निर्णय अवलंबून राहू शकतो.

६. मराठीतील समांतर रूपे

या विशेषणाचे मराठी रूपांतर सामान्यतः 'असह्य', 'यातनामय', 'जीवघेणे', 'प्राणांतिक' असे केले जाते. यांपैकी 'असह्य' सोसणाऱ्याच्या बाजूने बोलतो, 'जीवघेणे' परिणामाच्या बाजूने. 'यातना' या शब्दाला मात्र नरकातील शिक्षेची पार्श्वभूमी असल्याने तो मूळ शब्दाला अधिक जवळचा आहे. याउलट 'वेदना' हा शब्द 'विद्', म्हणजे जाणणे, या धातूपासून आला आहे. तेथे दंड नाही, अवजार नाही. केवळ जाणीव आहे. बोलीत तर वेदनेची स्वतंत्र क्रियापदे आहेत : दात ठणकतो, गळू ठुसठुसते, डोळे चुरचुरतात, पोटात कळ येते, पाठीत उसण भरते. एखाद्या प्रश्नावलीचे इंग्रजीतून शब्दशः मराठी केल्यास हे सर्व भेद 'असह्य' या एका शब्दात बुजून जाण्याचा धोका आहे आणि त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

तथापि मराठी दंडाच्या शब्दांपासून मुक्त आहे, असे नाही. संस्कृत 'शूल' या शब्दाचे भाला, वधाचा सूळ आणि तीव्र वेदना असे अर्थ आहेत. मराठीत 'सूळ' हे वधाचे साधन राहिले, तर 'पोटशूळ', 'कर्णशूळ' यांत शूळ ही वेदना झाली. वेदनेचा अर्थ दंडापासूनच आला असे निश्चित म्हणता येत नाही. टोकदार वस्तूच्या टोचण्यावरूनही तो येऊ शकतो. परंतु एकाच शब्दकुळात वधाचे साधन आणि वेदना नांदावी, हे 'क्रक्स'शी असलेले साम्य लक्षात घेण्याजोगे आहे. पुढची झीजही सारखीच आहे. 'पोटशूळ उठणे' म्हणजे आज दुसऱ्याचे बरे न पाहवणे, आणि 'सुळावरची पोळी' म्हणजे जोखमीचे काम. डोंगरकड्यावरून लोटून देण्याच्या शिक्षेवरून आलेला 'कडेलोट' आज सहनशीलतेचा होतो. सक्तीच्या विनामोबदला श्रमाची 'वेठ' मागे पडली आणि संपामुळे प्रवाशांना 'वेठीस धरले' जाऊ लागले. हे शब्द वापरताना कडा किंवा वेठबिगार सहसा कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही.

महाभारताच्या आदिपर्वातील मांडव्य ऋषींची कथा येथे उद्बोधक ठरते. चोरीच्या खोट्या आरोपावरून राजाने त्यांना सुळावर चढविले. ते मेले नाहीत. चूक उमगल्यावर राजाने त्यांना उतरविले; परंतु सूळ काढता येईना, म्हणून तो कापला आणि त्याचे टोक, म्हणजे अणी, शरीरातच राहिली. तेव्हापासून ते 'अणीमांडव्य' झाले. अन्यायी दंड भोगलेल्याच्या नावातच त्या दंडाचे टोक कायमचे राहिले. पुढे या ऋषींनी साक्षात यमधर्माला जाब विचारला आणि अपराधाच्या मानाने शिक्षा अधिक झाली म्हणून त्याला शाप दिला. रोमन वाङ्मयात क्रूसावरील गुलामाला असा जाब विचारण्याची संधी मिळालेली दिसत नाही.

निष्कर्ष

१) 'एक्सक्रूशिएटिंग' हा शब्द ख्रिस्ताच्या वेदनेसाठी नव्याने घडविला गेला, ही समजूत टिकत नाही. त्याचे लॅटिन क्रियापद ख्रिस्तपूर्व दोन शतकांपासून प्रचारात होते. ख्रिस्ताच्या कथेमुळे क्रूसाला अर्थाचे नवे वलय लाभले. शब्द मात्र त्याआधीच्या असंख्य अनाम बळींचा आहे.

२) या शब्दामागील दंड प्रामुख्याने गुलाम, बंडखोर व परप्रांतीय यांच्यासाठी होता. म्हणून या शब्दाचा इतिहास हा केवळ भाषेचा नसून सामाजिक विषमतेचा इतिहास आहे.

३) दंडवाचक शब्द वस्तूपासून रूपकाकडे आणि रूपकाकडून अतिशयोक्तीकडे जातात. हा क्रम लॅटिन, इंग्रजी व मराठी या तिन्ही भाषांत आढळतो. वैद्यकीय मापनामुळे हा क्रम काही प्रमाणात उलटूही शकतो, हे मेल्झॅक यांच्या प्रश्नावलीवरून दिसते.

४) वेदनेच्या संज्ञांचे भाषांतर ही केवळ कोशाची बाब नाही. मराठीतील बोलीशब्दांचे पद्धतशीर संकलन झाल्यास भाषाविज्ञान व वैद्यक या दोन्ही शाखांना त्याचा लाभ होईल.

५) इतिहास व भाषा या विषयांच्या अध्यापनात अशा शब्दांचा उपयोग साधन म्हणून करता येईल. कंटाळवाण्या भाषणाला 'एक्सक्रूशिएटिंग' म्हणण्यास विद्यार्थ्याला मनाई करण्याचे कारण नाही, कारण भाषा वापरानेच जगते. परंतु त्या शब्दाखाली कापुआ ते रोम हा रस्ता आहे, एवढे त्याला एकदा सांगितले पाहिजे. ज्यांची नावे कोणत्याही शिलालेखावर नाहीत, त्यांचा उल्लेख करण्याची ती एक साधी आणि शक्य असलेली रीत आहे.